आकडा ज्याचा त्याचा

माउंटन बाइक घ्यायला गेलेली माणसं चाकांचा आकार बघतात, ब्रेक दाबून बघतात, फ्रेम ॲल्युमिनियमची की कार्बनची ते विचारतात. सायकलीच्या शॉकमध्ये, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळकांड्यांत, हवा भरायच्या शॉक पंपाचं नाव सहसा कुणी काढत नाही. तो बहुतेक वेळा सायकलीसोबत येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. तीस-चाळीस डॉलरपासून शंभराच्या घरापर्यंत मिळतो. आणि हजारो डॉलर मोजून आणलेली सायकल दगडाधोंड्यांतून नीट चालणार की चालवणाऱ्याचे हात मोडून काढणार, हे बरंचसं त्या पंपावर ठरतं.

उत्तर कॅलिफोर्नियात शाळकरी मुलांच्या माउंटन बाइक टीमला मी स्वयंसेवक कोच म्हणून शिकवते. मुलगा टीममध्ये आला म्हणून मी आले. तो पुढे कॉलेजला गेला, मी राहिले. सरावाआधी पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून मुलांच्या सायकलींची हवा बघायची, हे काम हळूहळू माझ्याकडे आलं आणि माझंच झालं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. हवेचा आकडा एका माणसाकडून दुसऱ्याला देता येत नाही. तो काढायची रीत तेवढी देता येते.

इथल्या शाळांच्या लीगची सुरुवात बर्कलीत झाली. बर्कली हायस्कूलमधले गणिताचे शिक्षक मॅट फ्रिट्झिंगर यांनी २००१ मध्ये नॉर्कल लीग उभी केली आणि २००९ मध्ये तिच्यातूनच देशभरासाठी नॅशनल इंटरस्कोलॅस्टिक सायकलिंग असोसिएशन ही संघटना निघाली. या खेळात राखीव खेळाडू नसतात. जो येईल तो शर्यतीत उतरतो. त्यामुळे एका सरावाला तऱ्हेतऱ्हेच्या सायकली येतात: एकाची कोरी करकरीत, दुसरीची मोठ्या भावाची, तिसऱ्याची वडिलांची, चौथीची टीमने वापरायला दिलेली. अंगकाठ्याही तशाच. नववीतलं पंचेचाळीस किलोचं पोर आणि बारावीतला ऐंशी किलोचा गडी एकाच रांगेत उभे असतात, आणि कधीकधी दोघांच्या सायकलींत अगदी एकच फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचा शॉक, असतो.

माझं लहानपण पुण्यातलं. सायकल मार्टच्या दाराशी पंप उभा असायचा. हवा मारून झाली की टायरवर अंगठा दाबून बघायचा, कडक लागला की निघायचं. अंगठ्याचा तो अंदाज टायरला चालतो. शॉकला चालत नाही, कारण तिथे हवा धातूच्या नळकांड्यात कोंडलेली असते आणि बाहेरून दाबून काही कळत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या पलीकडे मरिन काउंटीत १९७६ मध्ये रिपॅकच्या उतारावर शर्यती सुरू झाल्या, तेव्हा सायकलींना शॉक नव्हतेच. जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन पोरं सुटायची आणि धक्के हातापायांनी खायची. १९८९ मध्ये पॉल टर्नर आणि स्टीव्ह सायमन्स यांनी रॉकशॉक्स कंपनी काढली. १९९० मध्ये कोलोराडोतल्या डुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. तिथे डाउनहिल जिंकणाऱ्या ग्रेग हर्बोल्डच्या सायकलीला रॉकशॉक्सचा फोर्क होता, आणि त्यात स्प्रिंगचं काम हवा करत होती. मधल्या काळात रबराचे गट्टू आले, पोलादी स्प्रिंगा आल्या. आज आमच्या टीममधल्या जवळजवळ सगळ्या सायकली हवेवर आहेत. पोलादी स्प्रिंग माणसाच्या वजनाप्रमाणे बदलावी लागते, हवा मात्र कमी-जास्त करता येते. ही हवेची मोठी सोय. पण कमी-जास्त कुणीतरी करावी लागते, आणि तिथेच बहुतेक सायकली अडतात.

एक मुलगी टीममध्ये आली ती काकांची सायकल घेऊन. चढावर झकास जायची, उतारावर मात्र सगळ्यांत मागे. खाली पोहोचली की पंजे झटकत उभी राहायची. काही दिवसांनी ती मला हळूच म्हणाली, "कोच, मला वाटतं हा खेळ माझ्यासाठी नाही. माझ्या हातांत ताकदच नाही." मी पंप लावला. पुढच्या फोर्कमध्ये भरल्या अंगाच्या माणसाला पुरेल इतकी हवा होती. तिच्या वजनाने तो फोर्क दबतच नव्हता. रस्त्यावरचा प्रत्येक दगड थेट तिच्या मनगटात येत होता. तिथेच हवा कमी केली, मागच्या शॉकचीही केली. त्या दिवशी ती उतरून आली आणि पंजे झटकायचे राहूनच गेले. पोरीच्या ताकदीत काही उणं नव्हतं. तेव्हापासून नवं मूल आलं आणि "मला जमत नाही" म्हणालं, की मी आधी त्याची सायकल बघते, मग त्याला काय शिकवायचं ते ठरवते.

फोर्कमध्ये हवा किती लागते आणि मागच्या शॉकमध्ये किती, यात फार अंतर असतं आणि ते का, हे मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. मागचं चाक १३० मिलिमीटर वर-खाली होतं तेव्हा शॉक जेमतेम ५० मिलिमीटर दाबला जातो. तरफेचा हिशोब केला की शॉकवर अडीच पटींहून जास्त जोर येतो. त्यात हवेला जागा मूठभर. म्हणून सडपातळ मुलाच्या फोर्कला साठ-सत्तर पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप) पुरतात, तर त्याच मुलाच्या मागच्या शॉकला दीडशेच्या पुढे जावं लागतं. मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतात, यावरून कल्पना करावी.

एवढ्या दाबाला टायरचा उभा पंप कामाचा नाही. तो एका दट्ट्यात भरपूर हवा ढकलतो, पण दोनशेपर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचला तरी तोंड काढताना मूठभर जागेतली बरीच हवा निसटून जाते. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरचंही तेच. शॉक पंपाची नळी बारीक असते, एका दट्ट्यात चिमूटभर हवा जाते, म्हणून दाब एकेक पायरीने चढवता येतो. उलट त्याने टायर भरायला बसलं तर हात दुखून येतील आणि टायर लुळाच राहील. दोन्ही पंप लागतात, एकाचं काम दुसरा करत नाही.

व्हॉल्व्ह मात्र मोटारीच्या टायरचाच: १८९३ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालेला श्रेडर. टोपण काढायचं. पंपाचं तोंड आटे नीट बसवून हाताने फिरवायचं. आधी नुसतंच फिरत राहतं, मग आतला रबरी वायसर टेकतो आणि बोटांना थोडं जड लागतं. अजून जरासं फिरवलं की व्हॉल्व्हची पिन दबते आणि काटा टणकन उडी मारतो. तिथून अर्धा वळसा द्यायचा आणि थांबायचं. पुढे आवळलं तर वायसर चिरडतो, पिन वाकते, आणि नंतर हवा कुठून जाते ते शोधत बसावं लागतं. पक्कड लावायची वेळ येतच नाही, येऊ द्यायची नाही.

पालकांना सगळ्यांत जास्त घाबरवतो तो पंप काढतानाचा फुस्स आवाज. एक वडील दर शनिवारी हाच खेळ करायचे. १६० भरायचे, पंप काढायचे, आवाज ऐकून पुन्हा लावायचे, काटा १५० दाखवायचा. पुन्हा भरायचे, पुन्हा काढायचे. शेवटी शॉक गळतो आहे असं ठरवून तो दुरुस्तीला टाकायला निघाले. मी त्यांना डिकीपाशी बसवून घेतलं आणि सांगितलं, तो आवाज पंपाच्या नळीतल्या हवेचा आहे. तोंड उलटं फिरवताना आधी व्हॉल्व्ह मिटतो, मग नळीतली हवा बाहेर पडते. शॉकमधली आत सुरक्षित असते. पुन्हा पंप लावला की रिकामी नळी भरायला शॉकमधलीच हवा जाते, म्हणून काटा कमी दाखवतो. बघायला म्हणून लावलेला पंप काही हवा काढून घेतोच. त्यामुळे काल किती होती हे बघण्यात अर्थ नाही. लावायचा, आपल्या आकड्यापर्यंत भरायचा, काढायचा, आणि निघायचं. त्यांची सायकल दुरुस्तीला गेली नाही.

पण आपला आकडा म्हणजे कोणता? इथे माझ्या विचारात मोठा फरक पडला तो एका सरावाच्या वेळी. फोर्कच्या पायावर कंपनीचा तक्ता चिकटवलेला असतो, इतक्या वजनाला इतकी हवा. त्यामुळे कोच मंडळी रांगेत उभ्या मुलांना सरळ वजन विचारत. एकेक जण सांगत होता. एका मुलीची पाळी आली तशी ती गप्प झाली, मग एक आकडा पुटपुटली. तो खरा नव्हता हे माझ्या लक्षात आलं आणि तो खोटा का होता हेही. वजनावरून बोलणी ऐकत वाढलेल्या पोरी मी आपल्याकडेही पुष्कळ पाहिल्यात. चार मुलांसमोर तिला ते सांगावं लागू नये, आणि चुकीच्या हवेवर उतारावर जावंही लागू नये, असा मार्ग पाहिजे होता. तो सायकलीतच होता.

शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक रबरी कडं असतं, ओ-रिंग. माणूस सायकलीवर नुसता बसला की शॉक थोडा खचतो. त्या खचण्याला सॅग म्हणतात. ओ-रिंग सीलला टेकवून ठेवायची. हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी, सगळं अंगावर चढवून मुलाने सायकलीवर बसायचं, भिंतीला हात टेकून, ब्रेक न दाबता. लॉकआउट, म्हणजे शॉक घट्ट करून ठेवणारा खटका, उघडा हवा. उसळी मारायची नाही. मग अलगद उतरायचं. ओ-रिंग किती सरकली ते पट्टीने मोजायचं. शॉकची चाल ५० मिलिमीटर असेल तर साडेबारा ते पंधरा मिलिमीटर, म्हणजे २५ ते ३० टक्के, हे आमच्यासारख्या जंगलवाटांना ठीक. फोर्कला त्याहून कमी, १५ ते २० टक्क्यांच्या आसपास. ओ-रिंग जास्त सरकली तर हवा भरायची, कमी सरकली तर सोडायची, पुन्हा बसायचं. वजन विचारावंच लागत नाही. आता आमच्या टीममध्ये वजन कुणी विचारत नाही. आणि गंमत बघा, असं मोजलेलं उत्तर तक्त्यापेक्षा जास्त बरोबर येतं, कारण तक्त्याला पाठीवरची पिशवी माहीत नसते, मूल पुढे वाकून बसतं की मागे रेलून, हेही माहीत नसतं.

एका मराठी कुटुंबातले वडील मला म्हणाले, "ताई, तुमच्या मुलाचा आणि आमच्याचा फोर्क एकच आहे. तुमचा आकडा सांगून टाका ना, कशाला एवढा खटाटोप?" मी म्हटलं, "अहो, दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर घालून वाचता येईल का?" त्यांना पटलं की नाही ठाऊक नाही, पण त्यांनी मुलाला भिंतीशी उभं केलं आणि मोजलं. उत्तर माझ्या मुलाच्या आकड्यापासून बरंच दूर निघालं.

त्यात पंपापंपांतही फरक असतो. एकाच शॉकला दोन पंप लावले तर दोन आकडे दिसू शकतात, पाच-सात पीएसआयचं अंतर सहज पडतं. कुणाचा खरा, हा प्रश्न मी सोडून दिला आहे. सॅग मिलिमीटरमध्ये मोजलं आणि आपल्या पंपावर ते १४२ ला आलं, तर आपला आकडा १४२. दुसऱ्याच्या पंपावर तो १४८ असेल. काटा दर वेळी तेच दाखवतो ना, एवढं बघायचं. म्हणून पंप उसना मागत फिरण्यापेक्षा आपला एक घ्यावा आणि तोच वापरावा.

पंप घेताना मी काय बघते ते सांगते. तबकडी मोठी आणि खुणा मोकळ्या हव्यात. ३०० पर्यंतच्या छोट्या तबकडीवर साठ आणि पासष्ट यांच्यात केसाएवढं अंतर असतं, आणि हलक्या मुलांचं सगळं काम तिथेच चालतं. डिजिटल पंप तिथे उपयोगी पडतो, मात्र सेल संपला तर बसावं लागतं. सोबत एक जादा सेल ठेवावा. नळी लवचीक आणि तोंड फिरतं असावं, नाहीतर फ्रेमच्या कोपऱ्यातल्या व्हॉल्व्हपर्यंत ते पोहोचत नाही. हवा सोडायचं बटण नखाएवढ्या दाबाने थोडी थोडी सोडणारं हवं. एका दाबात वीस पीएसआय उडवणारं बटण असेल तर माणूस वर-खाली करतच बसतो. बाकी रंग, वजन, कंपनीचं नाव, यांना मी फार महत्त्व देत नाही.

शॉकच्या आत हवेच्या दोन खोल्या असतात, ही गोष्ट माहीत नसेल तर मोजलेलंही चुकतं. मोठी खोली माणसाला उचलून धरते, छोटी उलट बाजूने दाबते, म्हणून शॉक सुरुवातीला अडखळत नाही. पंप फक्त मोठ्या खोलीत हवा घालतो. छोटीत ती पोहोचते शॉक थोडा दाबल्यावर, आतल्या खाचेतून. एका मुलाने घरी सगळी हवा काढून एका दमात दोनशे भरली होती. बसल्यावर सॅग बरोबर आलं, आणि पहिल्याच फेरीत सायकल खचली. त्यात गूढ काही नव्हतं. चालवताना हवा दुसऱ्या खोलीत गेली आणि पहिलीतला दाब उतरला. म्हणून पन्नास-पन्नासच्या टप्प्याने भरायचं, प्रत्येक टप्प्याला पंप काढून सीटवर रेलत शॉक सावकाश दहा वेळा थोडा दाबायचा, मग पुढे. आणि एखादा शॉक भरूनही खाली दबलेलाच राहिला, वर येईना, तर तो घरी उघडायचा नाही. आत कोंडलेली हवा माणसाला इजा करू शकते. अशी सायकल थेट दुकानात द्यायची, हे मी पालकांना दोनदा सांगते.

हवामानही आकडा हलवतं. एकदा टीम लेक टाहोला गेली. तिथलं तळंच समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटरवर. खालच्या उन्हात भरलेल्या सायकली सकाळच्या गारठ्यात मऊ लागू लागल्या. मुलं म्हणाली, वर हवा विरळ म्हणून दाब गेला. खरं तर उंचीने काटा तीनेक पीएसआय वरच जातो, कारण बाहेरचा दाब कमी होतो. खाली आणतो तो गारठा. दोनशेच्या शॉकमध्ये दहा अंश सेल्सिअस उतरले की सात पीएसआय जातात. आमच्यातल्या एका मुलीने हे वहीत गणित मांडून सगळ्यांना दाखवलं. भौतिकशास्त्राच्या तासाला वाचलेलं सूत्र तिच्या सायकलीत सापडलं याचा तिला झालेला आनंद मला शर्यतीतल्या पदकाइतकाच मोलाचा वाटतो.

मुलं वाढतात, हे शॉकलाही कळतं. फेब्रुवारीत शर्यती सुरू होतात आणि मेपर्यंत चालतात. तेवढ्यात एखादा मुलगा चार बोटं उंच होतो, खांदे भरतात, आणि हिवाळ्यात बरोबर असलेला आकडा वसंतात कमी पडतो. शर्यतींच्या वाटाही बदलतात. फोर्ट ऑर्डच्या वाळूत जी हवा छान वाटली ती ग्रॅनाइट बेच्या खडकांवर तशी वाटेलच असं नाही. म्हणून प्रत्येक मुलाकडे एक पान आहे: तारीख, वाट, पुढची हवा, मागची हवा, सॅग किती, कसं वाटलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम. हवा बदलली त्या दिवशी रिबाउंडच्या, म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परत येतो ते ठरवणाऱ्या, बटणाला हात लावायचा नाही, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कधीच कळत नाही. बदलही पाच-पाचचा. "कसं वाटलं" हा रकाना मुलांना सुरुवातीला अवघड जातो. "बरं वाटलं" एवढंच लिहितात. मग हळूहळू "मुळांवर पुढचं चाक उडतं", "वळणावर मागून खचतं" असं लिहू लागतात. आपल्याला नेमकं काय होतंय हे शब्दांत सांगता येणं, हे शिक्षण सायकलीपुरतं राहत नाही. घरी न बोलणारी पोरं त्या रकान्यात बोलायला लागलेली मी पाहिली आहेत.

पूर्वी वेळ वाचावा म्हणून मीच सगळ्यांच्या सायकली भरून द्यायचे. आता देत नाही. ज्याची सायकल त्याच्या हातात पंप, मी फक्त शेजारी उभी. पहिल्या महिन्यात यामुळे सराव उशिरा सुरू होतो, पालक घड्याळ बघतात, आणि माझी त्याला हरकत नाही. कारण ज्याने आपला आकडा स्वतः काढलेला असतो तो दुसऱ्या शाळेच्या पोराने "माझ्यात एवढी आहे" म्हटल्यावर हलत नाही, आणि नवी सायकल घेतली तरी कुणाला विचारत फिरत नाही. सायकल घेणाऱ्या प्रत्येक पालकाला माझं एवढंच सांगणं असतं: त्याच दिवशी एक बऱ्यापैकी शॉक पंप घ्या, एक पट्टी आणि एक वही घ्या, आणि तिन्ही मुलाच्या हवाली करा.